उस्ताद, रात्री झोप लागते का?

मालमोटारीचा ड्रायव्हर डॉक्टरकडे जातो तो बहुधा बरे नाही म्हणून नव्हे. त्याला एक कागद हवा असतो. 'फॉर्म १-अ' त्याचे नाव. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे भाड्याची किंवा मालाची गाडी चालवायची, तर परवान्याच्या अर्जाबरोबर नोंदणीकृत डॉक्टरचा हा दाखला जोडावा लागतो. डॉक्टरने पाहायचे काय? चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरची नंबरपाटी दिसते का, रातांधळेपणा आहे का, भोंगा ऐकू येतो का, हातापायांत काही व्यंग आहे का. रंगही ओळखायला लावीत. आता सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना २०२० च्या दुरुस्तीने वाट मोकळी झाली आहे. सही झाली, शिक्का बसला, की गृहस्थ 'फिट'!

यातली मौज अशी, की हा कागद माणसाला पाहतो तो दिवसाउजेडी, खुर्चीत बसलेला आणि टक्क जागा असताना. रस्त्यावर तोच माणूस पहाटे तीन वाजता घाट उतरत असतो, आणि मागे कित्येक टन माल असतो. त्या घटकेला त्याच्या पापण्या जड होतात की काय, हे पाटी वाचून कसे कळावे?

इ. स. १७०० मध्ये बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत आणखी एकाची भर घाला, असे त्याने आपल्या व्यवसायबंधूंना सांगितले: 'तुझा धंदा कोणता?' ड्रायव्हराच्या बाबतीत हा प्रश्न किती मोलाचा, ते लंडनमध्ये दिसून आले. तिथल्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर जिना चढतो-उतरतो. १९५३ मध्ये जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले, की हृदयविकार कंडक्टरांपेक्षा ड्रायव्हरांना अधिक. पण मॉरिससाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी या मंडळींच्या गणवेशांची मापे मागवली! १९५६ च्या त्या निबंधात आढळले, की अगदी तरुण ड्रायव्हरांच्याही विजारी कंबरेला कंडक्टरांपेक्षा रुंद. म्हणजे दोष सगळा बैठकीच्या कामाचाच नव्हे. थोडा माणसाबरोबर आधीच आलेला. शिंप्याच्या टेपेने वैद्यकाचा असा कान धरल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

कंबर रुंदावली, की मानही जाड होते, आणि मग घोरणे आले. घोरणे म्हणजे गाढ झोप, ही आपली समजूत. पुष्कळदा प्रकार उलटा असतो. झोपेत घसा मिटतो, दहा-दहा सेकंद किंवा त्याहूनही जास्त श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू घटतो आणि मेंदू दचकून जागा होतो. हे रात्रीतून शेकडो वेळा घडू शकते. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. दिवसभर पेंग मात्र येते. यावर उपाय आहे. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरच्या मुखवट्यातून दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची युक्ती जगापुढे मांडली. पण उपाय करायचा, तर दुखणे कबूल करायला हवे. गाडे अडते ते इथे.

फेफरे, एकाएकी शुद्ध हरपणे, भोवळ यांची माहिती अर्जदाराने स्वतःच लिहून द्यायची असते. पोट स्टिअरिंगवर चालणाऱ्या माणसाने 'होय' लिहिले, तर संध्याकाळी चूल कशी पेटायची? आपल्याकडेच असे होते असे नाही. २२ डिसेंबर २०१४ रोजी ग्लासगोत कचऱ्याच्या लॉरीचा चालक चाकावरच बेशुद्ध झाला आणि सहा माणसे मेली. हाच चालक २०१० मध्ये बस चालवण्याच्या नोकरीत असताना बसमध्येच बेशुद्ध झाला होता. ती गोष्ट त्याने डॉक्टरांना धडपणे सांगितली नव्हती. तो खरे बोलला असता तर हा अपघात टळू शकला असता, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. त्याचे वागणे अक्षम्य खरे. पण खरे बोलणाऱ्याची भाकरी जात असेल, तर किती जण बोलतील?

अमेरिकेने एका बाबतीत शहाणपण दाखवले. तिथे राज्याराज्यांतून माल नेणाऱ्या ड्रायव्हराला इन्सुलिन सुरू झाले, की खास सवलत मिळवल्यावाचून चाक हाती मिळत नसे. २०१८ मध्ये नियम बदलला. नेहमीच्या डॉक्टरने निदान तीन महिन्यांच्या साखरेच्या नोंदी पाहून साखर आटोक्यात असल्याचे लिहून द्यावे, मग तपासणाऱ्या डॉक्टरने वर्षापुरता दाखला द्यावा. सुई चोरून टोचण्याचे कारणच उरले नाही.

आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा असे ठरवले. १९८८ च्या कायद्यानेही कामाच्या तासांसाठी त्याच कायद्याकडे बोट दाखवले. फॉर्म १-अ मध्ये मात्र 'काल किती तास गाडी हाकलीस?' याला रकाना नाही. तो रकाना येईल तेव्हा येवो. तोवर दाखला देणाऱ्या डॉक्टरांना एक सुचवतो. घोरणाऱ्याची साक्ष एरवी त्याची बायको देते, पण ट्रकवाल्याच्या बहुतेक रात्री केबिनमध्ये जातात. तेव्हा बाहेर बाकावर क्लीनर बसला असेल, तर त्याला आत बोलवावे, चहा द्यावा आणि हळूच विचारावे, "काय रे, उस्तादांचा श्वास रात्री मध्येच थांबतो का?"