रोपांचा प्रवास आणि परकी हवा

सातारा व सांगली जिल्ह्यांइतका हवेचा विरोध थोड्याच ठिकाणीं आढळेल. महाबळेश्वरीं वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून एका दिवसाच्या वाटेवरील माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो ५०० च्या आसपास, कधीं त्याहूनही कमी. घाटाकडील दमट हवेंत वाढलेलें कलम बागाइतदार हौसेनें आटपाडीस नेतो. चार दिवसांत तें कोमेजतें आणि दोष रोपवाटिकेस दिला जातो. आमच्या मतें तो बहुधा प्रवासाचा असतो.

पानांतून पाणी सतत बाहेर पडत असतें. हवा कोरडी व वाहती असली कीं तें झपाट्यानें जातें. इकडे हेलकाव्यांनीं पिशवींतील मातीचा गोळा फुटून मुळें दुखावतात व तितकें पाणी पुरवूं शकत नाहींत. उघड्या टेंपोंत दुपारभर वारा खाल्लेलें कलम पोंचण्यापूर्वींच अर्धें मेलेलें असतें. म्हणून कलमें झांकून रात्रीं न्यावीं, बुडाशीं ओलें गोणपाट असावें. पोंचतांच लावण्याची घाई नको. आठ-दहा दिवस सावलींत ठेवून ऊन हळूहळू वाढवावें, मग सायंकाळीं लावून पश्चिमेस तुराट्यांचा आडोसा करावा.

उलट प्रवासही निर्धोक नाहीं. वेण्णा तलावाच्या परिसरांत हिवाळ्यांतील निरभ्र, निवांत रात्रीं दंव गोठतें. देशावरून नेलेलें कोवळें रोप तेथें उघडें ठेवूं नये.

आणि बागाइतदारच आषाढी वारीस निघाला तर? रोपाशेजारीं मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून पाण्यानें भरावें व तोंड झांकावें. पाझरानें मुळांशीं ओल राहते. मात्र क्षारांनीं छिद्रें बुजलेल्या जुन्या मडक्याचा उपयोग नाहीं.