हिवाळ्यापुरते बिऱ्हाड

थंडीचा मार सर्वांना सारखा बसत नाही. ज्याचे घर उबदार आणि खिसा भरलेला, त्याला हिवाळा म्हणजे गरम कपड्यांची हौस. परंतु ज्याने उभा जन्म बस चालवण्यात घालवला किंवा जिने रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या, त्यांचे सांधे थंडीत धरतात आणि गॅसचे बिल पाहून हुडहुडी भरते. इंग्लंडमध्ये डिसेंबर महिन्यात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. २०२२ साली तेथे गॅस व वीज भडकली तेव्हा अनेक म्हाताऱ्या माणसांनी एकाच खोलीत बसून दिवस काढले. म्हणून तेथील निवृत्त कामगार पती-पत्नी शरद ऋतू आला की एकच हिशेब मांडतात : यंदाचा हिवाळा कोणत्या उबदार गावी काढायचा?

वरवर पाहता हा प्रश्न चैनीचा वाटेल. आम्हांला तो तसा वाटत नाही. कष्टकऱ्याच्या म्हातारपणाला ऊन मिळावे की नाही, असा हा प्रश्न आहे.

राणीची चैन, कामगाराचा हक्क

परदेशी जाऊन हिवाळा काढणे ही एके काळी फक्त श्रीमंतांची गोष्ट होती. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या शहरात समुद्रालगत जो प्रसिद्ध रस्ता आहे, त्याचे नावच 'इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता' असे आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे हिवाळा काढायला येणाऱ्या धनवान इंग्रजांच्या पैशांतून तो तयार झाला. १८९० च्या दशकात खुद्द व्हिक्टोरिया राणी त्या शहरात मुक्कामाला येत असे. त्या काळी तिच्या देशातील गिरणी कामगाराला म्हातारपणी बहुधा मुलांचा आधार नाही तर गरिबांचे कामगृह (वर्कहाऊस), एवढेच दोन मार्ग होते.

हे चित्र आपोआप बदलले नाही. १९०८ साली ब्रिटनमध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला. त्यात सत्तरी गाठलेल्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. १९३८ साली भरपगारी रजेचा कायदा आला. पुढे स्वस्त विमाने आली आणि राणी जेथे जात असे त्या समुद्राकडे बसचालकही निघाला. आधी कायदा झाला, मग तिकीट आले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बेनिदोर्मच का?

कामगारांच्या पसंतीचे गाव म्हणून स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील बेनिदोर्मचे नाव आधी घ्यावे लागते. हे मुळात कोळ्यांचे गाव. १९५६ साली तेथील नगरपालिकेने गावाचा नवा आराखडा केला आणि पुढे पसरट बंगल्यांऐवजी उंच इमारती उभारण्याची वाट धरली. श्रीमंत प्रवासी आजही या गावाला नाके मुरडतात. परंतु उंच इमारतींमुळेच थोड्या जागेत पुष्कळ खोल्या झाल्या, भाडे आटोक्यात राहिले आणि बाजार, दवाखाना, समुद्र हे सारे पायी जाण्याच्या अंतरावर आले. म्हाताऱ्या माणसाला याहून अधिक काय हवे?

गावाच्या पाठीशी डोंगर आहेत, ते उत्तरेचा गार वारा अडवतात. जानेवारीत दुपारचे तापमान सोळा-सतरा अंशांपर्यंत जाते. मुंबईकराला हीसुद्धा थंडीच वाटेल, पण लीड्स किंवा ग्लासगोच्या माणसाला कोट काढून बाकावर बसण्याइतकी ती ऊब आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्पेनचे सरकार १९८५ पासून आपल्या देशातील पेन्शनरांना हिवाळी हंगामात समुद्रकाठच्या हॉटेलांत सवलतीने पाठवते. इम्सेर्सो या नावाने ही योजना ओळखली जाते. खर्चाचा काही भाग सरकार उचलते. त्यामुळे म्हाताऱ्यांना समुद्राची हवा मिळते आणि हॉटेलातील आचारी, वाढपी, सफाई कामगार यांचे काम हिवाळ्यातही टिकते. उन्हाळी गावे हिवाळ्यात ओस पडतात, दुकानांना कुलपे लागतात. बेनिदोर्म जागे राहते, त्यामागे या योजनेचाही हात आहे.

खोली घेताना

अनुभवी माणसे समुद्राचे दृश्य शेवटी पाहतात. आधी पाहतात ती खोलीची दिशा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो. उत्तरेला तोंड असलेल्या खोलीत महिनोन्‌महिने ऊन येत नाही. ही घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशी गार, आणि रात्री पारा सात-आठ अंशांवर उतरतो. म्हणून खोलीत गरम करण्याची सोय आहे का आणि विजेचे बिल भाड्यात धरले आहे का, हे आधी विचारावे.

दुसरी गोष्ट चढ-उताराची. बेनिदोर्मचा किनाऱ्यालगतचा रस्ता सपाट आहे, पण आतल्या काही गल्ल्या चढणीच्या आहेत. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील फुंचाल हे गाव जानेवारीतही एकोणीस अंशांपर्यंत उबदार असते, मात्र ते डोंगराच्या उतारावर वसले आहे. ज्याचे गुडघे गेले आहेत त्याने फुंचालचे चित्र पाहून भुलू नये. मोरोक्कोतील अगादीर याउलट ऐसपैस आहे. २९ फेब्रुवारी १९६० च्या रात्री भूकंपाने ते गाव जमीनदोस्त झाले, बारा हजारांहून अधिक माणसे गेली. नंतर नव्याने रुंद रस्त्यांचे गाव वसवले गेले. तेथे जानेवारीत पारा वीस अंशांवर जातो आणि फ्रान्सचे कितीतरी पेन्शनर आपापली घरगाडी घेऊन तेथे मुक्काम ठोकतात.

नव्वद दिवसांचा हिशेब

पूर्वी ब्रिटनचा पेन्शनर ऑक्टोबरात स्पेनला जाई आणि एप्रिलला परते. २०२० साली ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ पासून नियम बदलला. आता व्हिसाशिवाय शेंगेन करारातील देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स यांचे दिवस एकत्र मोजले जातात. ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे घेऊन येण्या-जाण्याची नोंद संगणकात ठेवण्यास सुरुवात झाली आहे, त्यामुळे पासपोर्टवरील शिक्का पुसट होता ही सबब चालणार नाही.

१ नोव्हेंबरला गेलेल्या माणसाचे दिवस २९ जानेवारीला संपतात. म्हणजे ऐन कडाक्यात घरी परतायचे! म्हणून शहाणी माणसे नाताळ नातवंडांबरोबर घरी करतात, २ जानेवारीला निघतात आणि १ एप्रिलपर्यंत राहतात. मोरोक्को या करारात नाही, म्हणून अगादीरचे दिवस वेगळे मोजले जातात.

पेन्शन, आजारपण आणि कुलूप

सरकारी पेन्शन हिवाळ्यापुरते बाहेर गेल्याने थांबत नाही. परंतु ज्याचे पेन्शन अपुरे म्हणून वरून 'पेन्शन क्रेडिट' मिळते, त्याला २०१६ पासून परदेशात साधारणतः चार आठवड्यांहून जास्त राहिल्यास ते मिळत नाही. म्हणजे थंडीचा मार ज्याला सर्वाधिक, त्याच्याच पायात दोरी!

कायमचे वास्तव्य ही आणखी वेगळी गोष्ट आहे. स्पेनमध्ये स्थायिक झालेल्याचे ब्रिटिश पेन्शन दरवर्षी वाढते. भारतात स्थायिक झालेल्याचे वाढत नाही. ज्या आकड्यावर आला त्याच आकड्यावर ते गोठते. ब्रिटनमधील कारखान्यांत, रुग्णालयांत राबून म्हातारपणी महाराष्ट्रात परतू पाहणाऱ्या आपल्या माणसांनी हे आधीच जाणून घ्यावे.

आजारपणाचा विचार तर सर्वांत आधी. ब्रिटनचे आरोग्य कार्ड स्पेनच्या सरकारी रुग्णालयात चालते, मोरोक्कोत चालत नाही. आणि स्पेनमध्येसुद्धा रुग्णाला विमानाने घरी आणण्याचा किंवा पार्थिव मायदेशी नेण्याचा खर्च त्या कार्डात नाही. त्यासाठी विमा लागतो, आणि विमा घेताना जुना मधुमेह किंवा हृदयविकार लपवू नये. लपवला तर ऐनवेळी पैसे मिळत नाहीत. घराच्या विम्याचाही कागद वाचावा. घर तीस किंवा साठ दिवसांहून जास्त बंद राहिले तर अनेक विमे पूर्ण भरपाई देत नाहीत. निघताना पाण्याचा मुख्य नळ बंद करावा, नाही तर नळी गोठून फुटते. किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी.

गाव निवडायचे तर आधी जानेवारीतच पंधरा दिवस राहून पाहावे. जुलैत पाहिलेले गाव जानेवारीत ओळखू येत नाही. तेथे गेल्यावर स्वतःला विचारावे : मी अंथरुणाला खिळलो तर औषध कोण आणून देईल? दोघांपैकी एक गेले तर दुसरे इथे कोणाशी बोलेल? ज्या गावात या प्रश्नांना उत्तर मिळते ते गाव आपले. दोन अंश ऊन कमी असले तरी चालेल.

आयुष्यभर राबलेल्या माणसाने म्हातारपणी उन्हात बसावे, यात कोणाचे उपकार नाहीत. राणी हिवाळ्यात उन्हाला जाई तेव्हा तिला कोणी कारण विचारत नव्हते. बसचालकालाही विचारू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.