गवसणीच्या आत

लेकीकडून परतताना भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी आपण लहानपणी ऐकलेली असते. त्या गोष्टीत भोपळा प्रवाशाला सांभाळतो. तंबोऱ्याचं उलट आहे, तिथे भोपळ्यालाच सांभाळावं लागतं. २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला मिरजेचा तंबोरा पुणे ओलांडून नगर रस्त्याला लागला, की वाघोली, कोरेगाव भीमा, सणसवाडी अशी कंटेनरांच्या गर्दीतली वाट सुरू होते. वर मखमली गवसणी असते. ती धूळ आणि ओरखडा अडवते. धक्का मात्र जवळपास तसाच आत जातो.

साधा हिशेब करू. वाद्य ६० सेंटिमीटरवरून निसटलं आणि फरशीवर दोन मिलिमीटरांत थांबलं, तर थांबताना त्याच्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या सुमारे ३०० पट जोर येतो. तेच तीन सेंटिमीटर दबणाऱ्या फोमवर पडलं, तर सुमारे २० पट. पडण्याचा वेग दोन्हीकडे सारखाच, फरक थांबायला मिळालेल्या अंतराचा. कारखान्यांतली नाजूक यंत्रं खोक्यात भरताना हाच हिशेब करतात. फोम फार मऊ असला तर तो पूर्ण दबून तळाला टेकतो, मग असून नसल्यासारखा. फार कडक असला तर दबतच नाही. गादीत गुंडाळलेला तंबोरा म्हणूनच कधी वाचतो, कधी नाही.

भोपळ्याचं कवच वाळल्यावर कडक आणि ठिसूळ होतं. घुमटासारखा आकार असल्याने चौफेर दाब ते पेलतं, एका ठिकाणचा टोला नाही. पण माझ्या मते खरा धोका भोपळ्यापेक्षा दांडीच्या जोडाला असतो. पुष्कळ पेट्यांत भोपळ्याला छान घर केलेलं असतं आणि दांडी मात्र अधांतरी राहते. पेटी आपटली की भोपळा थांबतो, लांब दांडी खाली जात राहते आणि सगळा जोर जोडावर येतो. तरफच ती! दांडीला मध्ये आणि खुंट्यांपाशीही टेकू हवा.

तारा किती सैल कराव्यात यावर वाजवणाऱ्यांत एकमत नाही. ढोबळ हिशेबाने चार तारांचा मिळून ताण दहा-पंधरा किलोंच्या घरात जातो, त्यात हादऱ्याची भर कशाला? मात्र तारा जिच्यावर टेकतात ती घोडी नुसत्या तारांच्या दाबावर बसवलेली असेल, तर तारा पूर्ण सोडल्यावर ती सरकते आणि भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर ओरखडे पाडते. थोड्या उतरवून, घोडीच्या जागेची खूण करून तारांखाली मऊ फडकं सारलेलं बरं. उन्हात बंद गाडी तापते, लाकडातली ओल जाते. लाकूड आक्रसतं ते मुख्यतः रेषांना आडवं, त्यामुळे तबलीला चीर बहुधा उभी, रेषांच्या बाजूने जाते. मे महिन्यात डिकी नकोच.

पेटीशिवायही भोपळा जपता येतो. शिरूर-दौंडकडच्या गावांत हरिनाम सप्ताहाच्या पहाऱ्याला तंबोऱ्यासारखीच भोपळ्याची वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. वीणेकऱ्याच्या गळ्यात पट्टा असतो, चालताना गुडघे आणि खांदे हादरे पिऊन टाकतात. पहारा बदलताना नवा माणूस आधी दांडी धरतो, भोपळ्याखाली दुसरा हात घालतो, आणि मगच जुना आपल्या गळ्यातला पट्टा काढतो.