इमारत का कोसळली? उत्तर शोधणारे इंजिनिअर आणि आपली मुलं

13 मे 2024 ची दुपार घाटकोपरकर विसरणार नाहीत. धुळीचं वादळ आलं आणि छेडानगरच्या पेट्रोल पंपावर भलंमोठं होर्डिंग कोसळलं. 17 जणांचा जीव गेला. कुणी म्हणालं, वादळच तसं होतं. कुणी म्हणालं, नशिबात होतं.

पण तपास करणाऱ्यांना असं म्हणून चालत नाही. त्यांना विचारावं लागतं: वादळ तर सगळ्या मुंबईत होतं, मग हेच होर्डिंग का पडलं?

पोलिसांनी माटुंग्याच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग संस्थेच्या तज्ज्ञांकडून होर्डिंगचा पाया तपासून घेतला. तेव्हा बातम्यांत आलेल्या अहवालानुसार मुंबईतलं असं बांधकाम ताशी 158 किलोमीटरचा वारा सोसेल, इतकं मजबूत हवं. त्या दिवशी वारा होता सुमारे 87 किलोमीटर. आणि होर्डिंगची ताकद होती फक्त 49 किलोमीटरची. म्हणजे दोष वाऱ्याचा नव्हता, कमकुवत पायाचा होता.

हे आकडे काढून देणारं काम म्हणजे फॉरेन्सिक इंजिनिअरिंग. मुलांच्या करिअरचा विषय निघाला की आपल्या घरांत डॉक्टर, फार्मासिस्ट, कॉम्प्युटर यांचीच नावं येतात. म्हणून या वेगळ्या वाटेबद्दल आज आम्ही लिहितोय.

हे नेमकं करतात काय?

फॉरेन्सिक म्हटलं की टीव्हीवरचे बोटांचे ठसे आणि डीएनए आठवतात. ते काम कलिन्याच्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी होतं. फॉरेन्सिक इंजिनिअर मात्र पडलेली इमारत, तुटलेला पूल, फुटलेला बॉयलर, जळालेलं वायरिंग यांची तपासणी करतो. डॉक्टर पोस्टमॉर्टेम करतात ना, तसंच हे बांधकामाचं पोस्टमॉर्टेम समजा.

इमारत पडली की आधी अग्निशमन दल माणसं बाहेर काढतं. त्यानंतर तज्ज्ञाचं काम सुरू होतं. ढिगारा हलवण्याआधी फोटो आणि मापं घ्यायची, कुठला खांब कुठल्या बाजूला पडला ते टिपायचं, काँक्रीटचे आणि लोखंडी सळ्यांचे नमुने लॅबला पाठवायचे. मूळ नकाशे मागवायचे आणि प्रत्यक्ष बांधकाम त्याप्रमाणे होतं का ते पाहायचं. रहिवाशांशी बोलायचं: तडे कधीपासून होते? तोडफोड कुणी केली होती का? शेवटी हिशेब मांडून अहवाल द्यायचा. कोर्टात तज्ज्ञाच्या मताला पुराव्यात जागा आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 मध्ये तशी तरतूद आहे. समोरचा वकील उलटतपासणी घेतो, तेव्हा प्रत्येक आकड्यावर ठाम राहावं लागतं.

हा आपल्याच घराचा प्रश्न आहे

25 जुलै 2017 ला घाटकोपर पश्चिमेची साईदर्शन ही चार मजली इमारत कोसळली. 17 जण गेले. तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेत नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावला गेला, असा आरोप रहिवाशांनी केला होता. पुढच्याच वर्षी, 3 जुलै 2018 ला, अंधेरीच्या गोखले पुलाचा फूटपाथचा भाग रेल्वे रुळांवर पडला. रेल्वेच्या चौकशीत गंजलेले ब्रॅकेट आणि वर वाढत गेलेला बोजा यांकडे बोट दाखवलं गेलं. त्यानंतर शहरातल्या अनेक पुलांची तपासणी झाली. एका दुर्घटनेचं कारण नीट कळलं तर पुढच्या दहा टाळता येतात. या कामाची खरी किंमत ती आहे.

आता आपल्या वस्त्यांकडे बघा. कुर्ला, मालवणी, जोगेश्वरी, घाटकोपर. जुन्या सोसायट्या, गळणाऱ्या गच्च्या, हॉल मोठा करायला पाडलेली भिंत. नियम सांगतो की 30 वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायलाच हवं. पण मीटिंगमध्ये वर्गणीवरून वाद होतो आणि विषय पुढे ढकलला जातो.

ऑडिट करणारा इंजिनिअर हातोड्यासारख्या यंत्राने काँक्रीटचा कडकपणा बघतो, ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी शोधतो, गोल नमुना कापून लॅबमध्ये दाबून बघतो. एक सोपी चाचणी तर मुलांनाही आवडेल: ताज्या कापलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथेलिनचं द्रावण टाकायचं. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळ्यांना गंजापासून जपतंय. रंग आला नाही तर तिथली ती ताकद संपली. इमारत 'सी-1' म्हणजे अतिधोकादायक ठरली, तर घर रिकामं करावं लागतं. ते जड जातं, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच हा अहवाल प्रामाणिक हवा: बिल्डरच्या सोयीचा नको आणि आपल्या सोयीचाही नको.

वाट कशी आहे?

आपल्याकडे बहुतेक जण आधी सिव्हिल इंजिनिअर होतात आणि अनुभवातून या कामाकडे वळतात.

1. दहावीनंतर सिव्हिलचा तीन वर्षांचा डिप्लोमा. मग थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. लवकर कमावायची गरज असलेल्या घरांसाठी ही चांगली वाट.
2. किंवा बारावी सायन्स. फिजिक्स आणि मॅथ्स पक्कं हवं. मग एमएचटी-सीईटी देऊन डिग्री. उपनगरातल्या मुलांना अंधेरीचं सरदार पटेल कॉलेज आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय जवळ. भायखळ्याचं अंजुमन-ए-इस्लामचं साबू सिद्दीक तर आपल्या ओळखीचंच.
3. पुढे गेट परीक्षा देऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. पवईची आयआयटी आपल्या दारातच आहे.
4. मग काही वर्षं साइटवर आणि ऑडिट करणाऱ्या सल्लागाराकडे काम. ज्याने इमारत उभी राहताना पाहिली, त्यालाच ती का पडली ते कळतं.

फीची चिंता असेल तर महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक शिष्यवृत्तीची माहिती घ्या. ओबीसीत मोडणाऱ्या बिरादरींनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर वेळेत काढून ठेवावं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींसाठी राज्याने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. कागदपत्रांसाठी निकालाची वाट बघू नका.

"मुलगी साइटवर कशी जाईल?" असं अम्मी-अब्बू विचारतील. शकुंतला भगत 1953 मध्ये व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या आणि पुढे त्यांनी पूल बांधले. सत्तर वर्षांपूर्वी जे जमलं, ते आज का जमू नये?

शिक्षणापेक्षा अवघड गोष्ट एकच आहे: सही. खोट्या सर्टिफिकेटवर सही करायला पैसे देणारे भेटतील. त्या कागदाखाली कुणाची तरी मुलं झोपलेली असतात. ज्याला हे कायम आठवेल, असा इंजिनिअर आपल्या मोहल्ल्याला हवा आहे.

तोवर एवढं करा. या रविवारी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा: भाईसाब, आपल्या बिल्डिंगचं शेवटचं ऑडिट कधी झालं?