पिशवी काढल्यानंतरही

पिशवी काढली की गर्भाशयाच्या कॅन्सरची धास्ती संपली, असं बहुतेक बायका धरून चालतात. बहुतेकींच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती अंडाशयावर, आतड्यावर, ओटीपोटात कुठेही रुजलेली असू शकते, तोच एन्डोमेट्रिओसिस. फार क्वचित त्यातल्या आधारपेशींतून कॅन्सर उद्भवतो. आधारपेशींच्या या कॅन्सरला, तो गर्भाशयात असो वा बाहेर, एन्डोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा म्हणतात.

सोनोग्राफीत, एमआरआयमध्ये दिसते ती नुसती गाठ. निकाल लागतो सूक्ष्मदर्शकाखाली, मग लॅब पुण्यातल्या ससूनची असो, एएफएमसीची असो की पेठेतली खासगी. फॉर्मॅलिनमध्ये आलेला तुकडा मेणात बसवतात, ३-४ मायक्रॉन जाडीचे काप काढून रंगवतात. मग निळ्या केंद्रकांच्या एकसारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांभोवती भोवऱ्यासारख्या दाटलेल्या दिसतात. गर्भाशयात हे चित्र अनुभवी पॅथॉलॉजिस्ट चटकन ओळखतो. आतड्याच्या भिंतीत दिसलं, तर आधी शंका येते ती 'जिस्ट' या तिथल्या नेहमीच्या सार्कोमाची.

ही गल्लत महागात पडते. जिस्टला सहसा इमॅटिनिबच्या गोळ्या देतात; मंद वाढणारा स्ट्रोमल सार्कोमा बहुधा इस्ट्रोजेनवर पोसतो, त्याला इस्ट्रोजेन रोखणारी औषधं लागतात. म्हणून त्या कापांवर प्रतिपिंडांची चाचणी करतात. सीडी१०, ईआर, पीआर ही प्रथिनं तपकिरी उमटली आणि डॉग१, सीडी११७ कोरी राहिली, तर पारडं स्ट्रोमल सार्कोमाकडे झुकतं. तरीही घोळ राहिला तर जनुकं पाहायची: सातव्या आणि सतराव्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून जॅझएफ१ आणि एसयूझी१२ जोडली गेलेली अनेक रुग्णांत आढळतात. हे जोडजनुक २००१ मध्ये उजेडात आलं. ते सापडलं नाही, म्हणून निदान खोटं ठरत नाही.

मला मात्र या सगळ्याइतकाच मोलाचा वाटतो तो तपासणीच्या फॉर्मवरचा पूर्वेतिहासाचा रकाना. 'पोटात गाठ' एवढंच लिहून नमुना पाठवला, तर पॅथॉलॉजिस्टने अस्तराचा विचार करावा तरी कशावरून? एन्डोमेट्रिओसिस होता, अमुक साली पिशवी काढली, ही एक ओळ तपासाची दिशा बदलते.

शिवाय पिशवी काढली तेव्हा 'फायब्रॉइड' म्हणून निकालात काढलेली गाठच सार्कोमा असू शकते. हा मंद सार्कोमा कधी १०-२० वर्षांनीही परततो. तो गर्भाशयाबाहेरच उगवला, असं म्हणण्याआधी जुन्या स्लाईड पुन्हा पाहाव्या लागतात. दुसऱ्या मतासाठी पुण्याहून परळच्या टाटा मेमोरियलला जाताना नातेवाईक ताज्या बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक सोबत नेतात. पिशवीच्या ऑपरेशनचे ब्लॉक त्या वेळच्या लॅबने जपले असतील, तर तेही मागून घ्यावेत.