बारा, एक, एकोणीस, एकतीस

जानेवारीच्या बारा तारखेस पहाटे साडेपाच वाजता सोलापुरात सिद्धेश्वराच्या तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत आम्ही वीस-बावीस जण जमतो, तेव्हा पाण्यावरून येणारा वारा अंगाला झोंबत असतो, पलीकडे होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे अर्धवट उभे असतात, आणि जमलेल्यांपैकी कोणी कोणाशी फारसे बोलत नाही. मध्यभागी एका घडवंचीवर जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही उघडी ठेवलेली असते. तिच्यात तारीख, नाव, आवर्तने आणि शेरा असे चार रकाने आखलेले आहेत. ज्याने त्याने आपले नाव स्वहस्ते लिहावयाचे, पादत्राणे काढून ठेवावयाची आणि रांगेत उभे राहावयाचे, एवढाच काय तो प्रारंभीचा विधी.

सोलापूरकरास या तारखेचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. परगावच्या वाचकासाठी मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९३०च्या मे महिन्यात महात्माजींच्या अटकेची बातमी येऊन थडकल्यावर गिरण्यांच्या या गावात जो प्रक्षोभ उसळला, त्यात ८ मे रोजी गोळीबार होऊन शंकर शिवदारे हा तरुण बळी पडला, मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर जमाव चालून गेला, आणि पुढचे तीन-चार दिवस इंग्रज सरकारचा अंमल शहरातून जवळजवळ उठलाच. १२ मे रोजी सरकारने मार्शल लॉ पुकारला, आणि ती फौजी राजवट ३० जूनपर्यंत चालली. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ भगवान शिंदे आणि श्रीकिसन लक्ष्मीनारायण सारडा या चौघांवर दोन पोलीस शिपायांच्या खुनाचा आरोप ठेवून खटला चालविण्यात आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आले. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा आणि एक मारवाडी असे हे चौघे. या बहुभाषी गावाने स्वतःचे प्रतिनिधी निवडावयाचे ठरविले असते, तरी याहून योग्य निवड झाली नसती.

आमच्या व्यायामाचा हिशेब त्या तारखेवरूनच बांधलेला आहे. बारा सूर्यनमस्कार, मैदानाला धावत एक फेरी, एकोणीस जोर आणि एकतीस बैठका मिळून एक आवर्तन होते, आणि अशी चार आवर्तने, प्रत्येक हुतात्म्यास एक, पुरी करावयाची असतात. आकडा एकाने उच्चारावयाचा आणि उत्तरादाखल इतरांनी त्या आवर्तनाचे नाव घ्यावयाचे, हा येथील नियम आहे. फेरी मुक्याने धावावयाची असल्यामुळे ती सोडून नमस्कार, जोर आणि बैठका यांची बेरीज केली, म्हणजे एका आवर्तनात एक नाव बासष्ट वेळा तोंडातून निघते. बासष्ट वेळा मोठ्याने नाव घेणे ही गोष्ट वाचताना क्षुल्लक वाटेल. पण जोर मारताना छाती जमिनीकडे झुकते तेव्हा श्वासाबरोबर ‘कुर्बान’ एवढेच बाहेर पडते आणि ‘हुसेन’ हा दुसरा भाग अंग वर उचलले जाईपर्यंत ओठांवर अडून राहतो, हे ज्याने एकदा अनुभविले, त्याला त्या नावाचा विसर पडणे मग कठीण आहे. तिसऱ्या आवर्तनाच्या सुमारास तळव्यांत मुरमाचे खडे रुतून त्यांचे लाल ठसे उमटलेले असतात. नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब एकाच जागी पडून तेथली माती काळी होते. आणि ‘जगन्नाथ शिंदे’ हे नाव प्रारंभी ज्या एकसुराने उठत होते तो सूर फाटून कोणाचे खर्जात, कोणाचे कापऱ्या आवाजात, कोणाचे केवळ ओठांच्या हालचालीत उरते. मला स्वतःला ही तिसऱ्या आवर्तनातील फाटलेली हाक पहिल्या आवर्तनातील खणखणीत हाकेहून अधिक खरी वाटते.

या प्रथेचे मूळ परदेशी आहे, हे लपविण्याचे कारण नाही. आमच्यातील एक मुलगा पुण्यास नोकरीला असताना तेथील एका व्यायामशाळेत जात असे, आणि तेथे त्याने ‘मर्फ’ नावाचा व्यायाम पाहिला. मायकेल मर्फी हा अमेरिकन नौदलाचा अधिकारी २८ जून २००५ रोजी अफगाणिस्तानात लढताना पडला; तो स्वतः जो व्यायाम करीत असे तोच आता त्याच्या नावाने अमेरिकेतील स्मृतिदिनी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारी, गावोगावी केला जातो: एक मैल धाव, शंभर पुल-अप, दोनशे पुश-अप, तीनशे बैठका आणि पुन्हा एक मैल धाव, तीही जमल्यास सुमारे नऊ किलोचे जाकीट अंगात घालून. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये मृत्यू पावलेल्या ३४३ अग्निशामकांसाठी ११० मजल्यांइतके जिने चढण्याची रीतही त्याच देशातली. त्या मुलाने ही कल्पना येथे मांडली तेव्हा आमच्यातील वृद्धांनी ती तत्काळ उचलली. पुल-अपच्या दांड्या मात्र येथे कोणी रोवल्या नाहीत; औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रसार केला ते नमस्कार आणि तालमीत पिढ्यान्‌पिढ्या घुमलेले जोर-बैठक आमच्यापाशी होतेच.

आणि खरे पाहता, शरीर झिजवून स्मरण करणे या गावाला कोणी शिकवावे अशी गोष्ट नव्हे. जानेवारीच्या याच पंधरवड्यात सिद्धेश्वराची यात्रा भरते. पांढरी बाराबंदी ल्यालेले मानकरी सात नंदीध्वज घेऊन अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात, आणि तो उंच, जड काठीचा भार कमरेशी तोलून धरता यावा म्हणून तरुण मंडळी कित्येक दिवस आधीपासून रात्री गल्लीत सराव करीत असतात. लहानपणी मी तो सराव पाहत उभा राहिलो आहे. काठी डोलू लागली की पेलणाऱ्याच्या पोटऱ्या ताठ होतात, भोवतालची माणसे हात पसरून दोन पावले पुढे सरकतात, आणि काठी सावरली की सर्वांचा श्वास एकदम सुटतो. भक्तीला वजन असते ही जाणीव मला प्रथम तेथे झाली.

या उपक्रमावर घेतला जाणारा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी हलका मानीत नाही. फाशीच्या तख्ताकडे चालत गेलेल्यांच्या यातनांशी आपल्या दुखऱ्या मांड्यांची तुलना करणे हा अविवेक होय, असे एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला स्पष्ट सुनावले होते. तुलना कोणी करीत असेल तर ते खरेच आहे, आणि म्हणूनच आमच्या येथे घड्याळ लावले जात नाही, पहिला-दुसरा कोणी काढला जात नाही, आणि व्यायाम चालू असताना छायाचित्र घेण्यास सक्त मनाई आहे. ज्याला एकोणीस जोर झेपत नाहीत त्याने सात मारावेत. उरलेले बारा शेजारचा आपल्या अंगावर घेतो आणि वहीच्या शेऱ्यात तशी नोंद होते. गुडघे दुखणारा माणूस बैठका न मारता नुसता उभा राहून नाव घेतो, आणि त्याची हजेरी पूर्ण धरली जाते. पुष्पचक्र वाहण्याचा समारंभ पाच मिनिटांत उरकतो. त्याला मी नावे ठेवीत नाही. परंतु पाच मिनिटांत मनुष्य चौघांची नावेसुद्धा धडपणे मनात आणू शकत नाही, आणि येथे तासभर त्याला दुसरे काही मनात आणताच येत नाही, एवढा फरक मी स्वानुभवाने सांगू शकतो.

एक प्रश्न मात्र आमच्यातच उद्भवला आणि तो दोन वर्षे चर्चेत राहिला. मंगळवार पेठेत जे दोन शिपाई मेले, त्यांचे काय? सोलापूरच्या लोकमताने त्या खुनाचा आरोप या चौघांच्या माथी कधीच खरा मानला नाही. पण शिपाई मेले ही गोष्ट तर खोटी नव्हे, आणि तेही कोणाच्या तरी घरचे कर्ते पुरुष होते. पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या एका सभासदाने हा विषय काढला तेव्हा काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. अखेर असे ठरले, की लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे १९५९ साली चिनी गोळीबारात पडलेल्या दहा जवानांच्या स्मरणार्थ पोलीस स्मृतिदिन ज्या २१ ऑक्टोबरला पाळला जातो, त्या दिवशी दहा नमस्कारांनंतर आणखी दोन घालावेत. त्या दोघांची नावे आमच्या वहीत नाहीत; ‘दोन शिपाई, मंगळवार पेठ’ एवढेच लिहिलेले असते. हा निर्णय योग्य झाला असे माझे ठाम मत आहे.

नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही दोनदा जमतो. २६ तारीख अशोक कामटे यांची. सोलापूरचे पोलीस आयुक्त म्हणून या शहराने त्यांना जवळून पाहिले होते, आणि २००८ साली मुंबईत कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत त्यांना वीरमरण आले तेव्हा येथल्या लोकांनी घरचे माणूस गेल्यासारखा शोक केला. त्यांना व्यायामाची आवड होती, म्हणून त्या दिवशी आम्ही वजने उचलतो. २९ तारीख पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी यांची; ते २०१६ साली नगरोट्यास धारातीर्थी पडले, आणि त्यांच्यासाठी आम्ही केवळ धावतो.

परंतु मला सर्वांत अधिक शिकविले ते १४ एप्रिलच्या सकाळने. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझविण्यास गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान प्राणांस मुकले. देशभर अग्निशमन सेवा सप्ताह त्या तारखेपासूनच सुरू होतो. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, आणि त्यांच्या जोडीला कराचीस भरलेल्या कापसाच्या आठ हजारांहून अधिक गासड्या. आग लागली ती कापूस असलेल्या तळघरात. अग्निशामक दलातून निवृत्त झालेले आमचे अण्णा, ज्यांच्या मराठीला तेलुगूचा गोड हेल आहे, हे सांगताना नेहमी थांबतात. ‘कापसाची आग विझत नाही हो, ती झोपते,’ असे ते म्हणतात. गासडी घट्ट दाबलेली असल्यामुळे पाणी वरच्यावर ओघळून जाते आणि विस्तव आत धुमसत राहतो. गासडी फोडून, कापूस पिंजून भिजविल्यावाचून तिचा भरवसा धरता येत नाही. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या गावाला हे ज्ञान पुस्तकी नव्हे. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जीव गेले, आणि त्या धुराचा वास आमच्यापैकी अनेकांच्या स्मरणात आहे.

अण्णा त्या सकाळी बाद झालेला एक होज आणतात. त्रेसष्ट मिलिमीटर व्यासाचा आणि पंधरा मीटर लांबीचा तो कापडी नळ ते आधी तळ्याकाठच्या नळाखाली भिजवितात, कारण कोरडा होज पेलणे म्हणजे काहीच नाही. मग तो मधोमध दुमडून, दोन्ही टोकांची पितळी तोंडे एकमेकांवर न आदळतील अशा बेताने गुंडाळून खांद्यावर द्यावयाचा. गुंडाळी ज्या खांद्यावर असेल त्या बाजूची कंबर आपोआप बाहेर येते आणि पाणी पाठीवरून पायजम्यात झिरपते. मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावत जावयाचे, होज एका झटक्यात जमिनीवर सोडावयाचा, तो सरळ पडला की नाही पाहावयाचे, शेवटची दहा पावले गुडघ्यांवर आणि कोपरांवर सरपटत जावयाचे, आणि पुन्हा गुंडाळून परत यावयाचे. सरपटताना कोणी डोके वर काढले, की अण्णांचा आवाज येतो: ‘खाली राहा, खाली! हवा खाली असते.’ धूर वर चढतो आणि श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते, हे त्यामागचे कारण. मोकळ्या मैदानात धूर नसतानाही ते हा नियम शिथिल करीत नाहीत. होजला एक जरी पीळ राहिला तरी ती फेरी ते हिशेबात धरीत नाहीत, कारण पिळातून पाणी पुढे जात नाही.

अशा ६६ फेऱ्या होतात. बावीस जणांनी भागले की प्रत्येकाच्या वाट्याला तीन येतात, आणि गेली काही वर्षे तो भागाकार बरोबर जुळत होता. यंदा आमच्यातील एक गृहस्थ निवर्तले आणि दोघे मुलांकडे परगावी राहावयास गेले. त्यामुळे वहीत नऊ फेऱ्यांसमोरचा नावाचा रकाना कोरा आहे. ज्याच्या खांद्याला ओला होज पेलेल त्याने १४ एप्रिलला सकाळी सहा वाजता तळ्याकाठी यावे. जुने कपडे घालावेत. होज आम्ही देऊ.