एका प्रयोगासाठी

सांगली भागात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी एकाच सुमारास जोर धरतात. दिवाळी मागे पडते, उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, आणि मी ज्या हौशी संस्थेच्या तालमींना जाऊन बसत होते तिच्या मुख्य नटाला रात्रपाळी लागते. तो कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. रसाचे नमुने तपासायचे, साखरेचा उतारा काढायचा. हे काम नाटकासाठी पुढं ढकलता येत नाही. मग तालमीची वेळ त्याच्या पाळीवर ठरते आणि बाकीचे आपापला दिवस त्याप्रमाणे फिरवून घेतात. त्यांत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर बसणारे दिवाणजी आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई आहेत, पतसंस्थेतला वसुली कारकून, औषधाच्या दुकानातला पोरगा आणि नर्सिंगला असलेली एक मुलगी आहे. एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. मामा आयुष्यात एकदाही रंगमंचावर उभे राहिलेले नाहीत. पण संस्थेची किल्ली त्यांच्याकडे असते.

तालमीची जागा म्हणजे एका वाचनालयाची माडी. वाचक गेल्यावर टेबलं भिंतीला सारतात, सतरंजी गुंडाळून ठेवतात आणि मामा खडूनं जमिनीवर घर आखतात. इथं सोपा, इथं माजघराचं दार, इथं जिना. नाटक जुन्या वाड्याच्या वाटणीचं आहे. दोन अंक, सहा पात्रं, लेखक जवळच्याच गावातले शिक्षक. निवडीमागं गुणांइतकाच हिशोबही होता. तालमीला नेमानं येऊ शकतील अशा बायका दोनच, त्यामुळं स्त्रीपात्रं दोनच असलेली संहिता हवी होती. एकाच ठिकाणी घडणारं नाटक हवं होतं, कारण नेपथ्य बदलायला माणसं नाहीत. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर होऊन तिचं प्रमाणपत्र यावं लागतं, लेखकाचं परवानगीपत्र लागतं. हे कागद जमवण्यात पावसाळ्याचा बराच भाग जातो. जून-जुलैत सुरू झालेलं वाचन कधी गणपतीपर्यंत रेंगाळतं. गणपतीत कुणी सापडत नाही. खरी तालीम उभी राहते ती दसऱ्यानंतर.

एक प्रवेश मी अनेकदा पाहिला. दोघे भाऊ वाटणीचा कागद पुढं ठेवून खोल्या मोजताहेत आणि त्यांची विधवा काकू विचारते, 'आणि मी कुठं?' तीनच शब्द. काकूचं काम शाळेतल्या बाई करतात. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायची वर्षानुवर्षांची सवय त्यांना आहे, आणि ते तीन शब्द दरवेळी वर्गात प्रश्न विचारल्यासारखे यायचे. दिग्दर्शक विमा कार्यालयात नोकरीला आहेत, पन्नाशीचे. वाक्य कसं म्हणायचं हे ते कधीच म्हणून दाखवत नाहीत. 'मी करून दाखवलं की माझी नक्कल येणार,' एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. त्यांनी बाईंना आवाज कमी करायलाही सांगितलं नाही. मामांकरवी एक वाकळ आणवली आणि म्हणाले, 'बाई, भाऊ बोलत असताना तुम्ही हिची घडी घाला. एकटीनं. घडी बिघडली तर पुन्हा घाला.'

एकट्या माणसाला वाकळेची घडी घालणं अवघड असतं. दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. बाई हनुवटीखाली एक कड धरून झगडत राहिल्या, भावांची मोजणी चालूच राहिली, आणि कधीतरी त्यांनी सहज वर पाहून विचारलं, 'आणि मी कुठं?' हनुवटीखाली वाकळ अडकलेली, त्यामुळं शब्द अर्धवट दाबले गेले. धाकट्या भावाचं काम करणारा कारकून पुढचं वाक्य विसरला. दिग्दर्शक म्हणाले, 'विसरलास तेवढाच वेळ रोज थांब.' त्या दिवसापासून तिथं तेवढा विराम कायम झाला.

व्यावसायिक नाटकात काम करणाऱ्यांकडं कौशल्य जास्त असेल. पण माझं मत असं की एका वाक्यावर इतका वेळ खर्चायची मोकळीक आज हौशी माणसांनाच आहे. त्यांना या कामाचे पैसे मिळत नाहीत, आणि म्हणूनच कुणी घड्याळ दाखवून त्यांना थांबवत नाही. घड्याळ असतं ते घरच्यांचं. तालीम संपली की कोण कुणाला सोडणार याची वाटणी आधीच झालेली असते. दिवाणजी बाईंना त्यांच्या गल्लीपर्यंत सोडतात. नर्सिंगच्या मुलीला वसतिगृहाची वेळ पाळावी लागते, म्हणून तिचे प्रवेश सगळ्यांत आधी घेतात. मग कथेचा क्रम उलटा झाला तरी चालतं. बाईंच्या सासूबाई सुरुवातीला नाराज होत्या. एकदा त्या स्वतः माडी चढून तालमीला आल्या, कोपऱ्यात बसल्या आणि निघताना दिग्दर्शकांना म्हणाल्या, 'वाकळ अशी न्हाई धरत. पायाच्या अंगठ्यात दाबायची.' दुसऱ्या दिवशी बाई अंगठ्यात कड दाबून घडी घालत होत्या.

नेपथ्याचं काम मामांच्या घरामागच्या पडवीत चालतं. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणायचा, खिळे मारायचे, वर खळ द्यायची. वाळताना खळ कापडाला ओढून घेते आणि पडदा ताठ होतो. मग डिस्टेंपर. जुन्या वाड्याची भिंत दाखवायची म्हणून पहिल्या थरावर गेरू शिंपडून दुसरा थर कोरड्या ब्रशनं ओढला होता. जवळून पाहिलं तर डागच दिसतात. बारा हात मागं गेलं की ओल चढलेली भिंत दिसते. ही ओल मामांना शिकवावी लागली नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी जुन्या सांगलीत शिरलं तेव्हा संस्थेचं सगळं सामान नदीकडच्या एका खोलीत होतं. पाणी उतरल्यावर चिखलातून चौकटी बाहेर काढल्या, कापड फाडून टाकलं, लाकूड धुऊन सावलीत वाळवलं. काही चौकटी पिळवटल्या होत्या. त्या सुताराकडून नवे तुकडे जोडून सरळ करून घेतल्या. आज वाड्याच्या भिंतींना आतून जे लाकूड आहे ते पुरात गेलेलंच आहे. संस्थेचे जुने फोटो मात्र वाचले नाहीत. मामा त्याबद्दल फार बोलत नाहीत. त्यांनी एका वहीत आठवेल तशी नाटकांची, नटांची आणि कुणाच्या घरून कोणती वस्तू आणली होती त्याची यादी पुन्हा लिहून काढली आहे. ती वही पाहताना या संस्थेत कुणाचं काय लागलं आहे ते कळतं. कुणाचा पलंग, कुणाची समई, कुणाच्या आईची इरकल.

हे सगळं सांगलीत चालावं यात नवल नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी इथल्या संस्थानिकांपुढं, चिंतामणराव पटवर्धनांपुढं, 'सीतास्वयंवर' केलं. मराठी रंगभूमी दिन म्हणून आपण तोच दिवस पाळतो. गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचेच. पण भाव्यांच्या कथेतला जो भाग मला या माडीवर बसून सारखा आठवायचा तो पुढचा आहे. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि आश्रय संपला. राजवाड्यातल्या एका प्रेक्षकासाठी सुरू झालेलं नाटक तिथंच थांबू शकलं असतं. भाव्यांनी मंडळी घेऊन दौरे काढले, १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. नाटक दुसऱ्या गावाला गेलं म्हणून टिकलं.

स्पर्धेचा दिवस. सांगली केंद्राचे प्रयोग भावे नाट्यमंदिरात होतात. सकाळी टेम्पोतून चौकटी उतरल्या. आदल्या दिवशीच्या संस्थेचं सामान निघालं की लगेच आपलं उभं करायचं, त्यामुळं काम ठरलेल्या क्रमानं चालतं. आधी मागच्या भिंती आणि त्यांचे टेकू, मग जिना, मग दिवे. प्रकाशयोजना करणारा तरुण एरवी लग्नसमारंभांना दिवे पुरवतो. त्यानं शिडीवर चढून स्पॉट फिरवायचा आणि खाली औषधाच्या दुकानातल्या पोरानं एकेका नटाच्या जागी उभं राहायचं, हा उद्योग दुपारपर्यंत चालला. संगीताची जुळवणी झाली. रंगभूषाकारानं काकूच्या केसांना पांढरा रंग दिला. नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला, सगळ्यांनी एकमेकांच्या पाया पडायचं ते पडून घेतलं. केमिस्ट रात्रपाळी करून सकाळी थेट नाट्यगृहात आला होता, विंगेतल्या बाकावर दोन तास झोपला होता. तिसरी घंटा झाली.

प्रेक्षागृह पाऊणएक भरलं होतं. तिकीट अगदी नाममात्र असतं. मधल्या ओळीत तीन परीक्षक, पुढ्यात टेबल, लिहिण्यापुरता दिवा. वाकळेच्या प्रवेशात बाईंनी अंगठ्यात कड दाबली आणि मागच्या रांगांतून बायकांचं एक अस्फुट 'अगं' ऐकू आलं. कारकुनानं पूर्ण विराम घेतला. दोन तासांत नाटक संपलं, मध्यंतर धरून थोडं जास्त. टाळ्या झाल्या. आणि अर्ध्या तासात मामा टेकूंचे खिळे काढत होते, कारण दुसऱ्या दिवशी पुढच्या संस्थेला मंच मोकळा हवा.

मला सगळ्यांत जास्त बोचलं ते हे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रभरच्या केंद्रांवर प्राथमिक फेरी होते, तिथल्या वरच्या क्रमांकाची नाटकं अंतिम फेरीला जातात. या स्पर्धेनं गावोगावच्या माणसांना नाटक करायला कारण दिलं, तारीख दिली, निर्मितीसाठी थोडे पैसे दिले. तिचे उपकार फार मोठे आहेत. पण जी नाटकं अंतिम फेरीला जात नाहीत, त्यांतल्या बहुतेकांचा पहिला प्रयोग हाच शेवटचा ठरतो. महिनोन् महिने घासलेलं वाक्य एका रात्री म्हणायचं आणि सोडून द्यायचं. नटाला भूमिका खरी सापडते ती प्रयोगांतून, प्रेक्षक बदलले की. ती सापडण्याआधीच संस्था सामान आवरते. निकालात कितवा क्रमांक लागला यापेक्षा हे नुकसान मोठं आहे, आणि ते नाट्यसंस्थांनी, नाट्यगृहांनी, प्रेक्षकांनी मिळून होऊ दिलेलं आहे.

'घाशीराम कोतवाल' हे स्पर्धेतलंच नाटक. १९७२ च्या डिसेंबरात पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं ते केलं. दिग्दर्शक जब्बार पटेल दौंडला डॉक्टरकी करत होते, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशेही डॉक्टरच. काही प्रयोगांनंतर संस्थेतल्याच मतभेदांमुळं ते बंद पडलं. त्यातल्या मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकादमी काढली, नाटक पुन्हा उभं केलं, १९८० मध्ये युरोपात नेलं. प्रयोग थांबल्यावर ती माणसं घरी गेली असती तर आज त्या नाटकाची आठवण पुण्यातल्या जुन्या प्रेक्षकांपुरती उरली असती. प्रत्येक नाटकात तेवढी ताकद नसते, हे मान्य. पण दुसरा प्रयोग मिळण्याइतकी ताकद पुष्कळ नाटकांत असते.

या संस्थेचं नाटक अंतिम फेरीला गेलं नाही. अभिनयाचं एक प्रमाणपत्र बाईंना मिळालं. निकालानंतरच्या बैठकीत सगळे थोडे उतरलेले होते. दिवाणजींनी विषय काढला. हळद घेऊन येणाऱ्या एका शेतकऱ्याच्या गावात यात्रेला नाटक ठेवतात, यंदा बाहेरची पार्टी परवडत नाही म्हणून ते रिकामेच आहेत. मामा म्हणाले, 'सेट कसा न्यायचा?' मग चर्चा सेटवरच सुरू झाली. जिना गाळायचा का? गाळला तर धाकटा भाऊ वरून उतरतो त्याचं काय? कारकून म्हणाला, 'मी बाहेरनं येतो की. शेतातनं आल्यासारखा.' दिग्दर्शकांनी तिथंच खडूनं नवीन येणं आखलं, आणि सगळ्यांना ते पहिल्यापेक्षा बरं वाटलं.

गावात देवळासमोर पक्का कट्टा होता, पडदा नव्हता, ध्वनिवर्धक होता. समोर हजारभर माणसं जमिनीवर बसलेली, पोरं पार कट्ट्याच्या कडेला चिकटलेली. भावे नाट्यमंदिरात चाललेली हळू बोलणी इथं चालणार नव्हती. नटांनी पहिल्या दहा मिनिटांतच आवाज उचलला, काही बारकावे गेले. पण खोल्यांची मोजणी सुरू झाली तशी गर्दी गप्प झाली. वाटण्या या गावात घरोघर झालेल्या आहेत. 'आणि मी कुठं?' आलं तेव्हा कारकुनाच्या विरामात पुढच्या बाजूनं एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, 'हां, सांग आता!' कारकून त्याच्याकडं वळला, पाहत राहिला, आणि मग कागदावर नजर टाकून आपलं वाक्य बोलला. शहरातल्या प्रयोगात तो भाऊ नुसता ओशाळला होता. इथं त्याला सगळ्या गावानं पाहिलं होतं. दिग्दर्शक विंगेच्या जागी लावलेल्या ताडपत्रीआड उभे होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

परतल्यावर सुताराला बोलावणं गेलं. मोठ्या भिंतीच्या चौकटी मधोमध कापून बिजागऱ्या बसवायच्या, म्हणजे त्या दुमडून छोट्या टेम्पोत मावतील आणि भाडं कमी लागेल. लेखकांना पुढच्या प्रयोगांच्या परवानगीसाठी पत्र गेलं, सोबत मानधन. थोडंच, पण पाठवायचंच असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. त्या यात्रेत शेजारच्या गावचे दोघे आले होते, त्यांचा फोन आला. मामांनी वहीत 'प्रयोग क्र. ३' असं लिहून पुढं गावाचं नाव घातलं, आणि कारखान्यात पुढच्या पंधरवड्याच्या पाळ्या कधी लागतात ते विचारायला केमिस्टला फोन लावला.